सुलिसचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी वाचून (आणि काही जणांनी न वाचताच) जे प्रश्न परत परत विचारले त्यांची उत्तरं एका ठिकाणी टाकतेय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं लिहीत बसायला नको. स्पॉइलर असेल तिथे आधी सांगितलंय, तरीही वाचलंत तर मग माझ्या नावाने बोटं मोडू नका.

कादंबरी कशाबद्दल आहे? दोन ओळीत सांगा ना.

दोन ओळीत जमणार नाही, बघते. इ.स. १९५ ची थंडी, रोमन ब्रिटन, गावाचं नाव आक्वे सुलिस, म्हणजे आजचं इंग्लंडमधलं बाथ. अलौना नावाची मुलगी देवळाबाहेर शिशाचे कोरे पत्रे विकते आणि लोक त्यावर चोराला शाप लिहून गरम पाण्याच्या कुंडात टाकतात. रेबुरूस हा घोडदळातला शिपाई, मूळचा हिस्पानियाचा (आजचं स्पेन), गुडघा धरलाय म्हणून पाण्याला आलाय. त्याचा टोपीवाला लोकरी झगा चोरीला जातो, तो चिडून अलौनाकडूनच पत्रा घेतो, लिहितो, टाकून मोकळा होतो. झगा चोरलाय अलौनाच्या धाकट्या भावाने. आणि या कादंबरीत शाप लागतात.

म्हणजे हे शापाचे पत्रे खरंच होते?

होते, आणि मला विचाराल तर अख्ख्या रोमन ब्रिटनमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. १९७९-८० मध्ये बाथच्या कुंडात खोदकाम झालं तेव्हा असे पत्रे मोठ्या संख्येने वर आले, आधीचे धरून सुमारे १३० आहेत, दुसऱ्या ते चौथ्या शतकातले. बहुतेक तळहाताएवढे किंवा त्याहून लहान, शिसं आणि कथिल मिसळून केलेले, ठोकून पातळ केलेले. टोकदार लेखणीने कोरायचं, गुंडाळी करायची नाहीतर घडी घालायची आणि पाण्यात सोडायचं. शिसं लांबून आणायचीही गरज नव्हती, मेंडिपच्या डोंगरातल्या खाणी जवळच आणि तिथे रोमनांनी इ.स. ४९ पासूनच काम सुरू केलेलं.

आता त्यावर लिहिलंय काय? आपल्याला वाटतं शाप म्हणजे राज्यं उलथवणं, वंश बुडवणं. इथे दोन हातमोजे गेलेत म्हणून डोसिमेडिस नावाचा माणूस म्हणतो की चोराची बुद्धी जावो आणि डोळे जावोत, तेही देवीच्या देवळातच. डोसिलियानुसचा टोपीवाला झगा गेलाय (हो, माझ्या हिरोचा झगा मी इथूनच उचललाय) तर तो देवी सुलिसला सांगतो की ज्याने नेला तो पुरुष असो की बाई, गुलाम असो की मोकळा, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला ना झोप मिळू दे ना मूलबाळ. कुणाची अंघोळीला घालायची कुडती गेली, कुणाची अंगठी, कुणाच्या पिशवीतली चांदीची सहा नाणी. बाहेर कपडे ठेवून आत डुंबायला जायचं म्हटल्यावर चोऱ्या होणारच की, आणि पोलीस कुठले तिथे, मग देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं. गंमत म्हणजे भाषा एकदम कोर्टकचेरीची, एकही पळवाट ठेवायची नाही. सहा नाणीवाल्याने तर चोर ‘ख्रिस्ती असो वा नसो’ हेसुद्धा घालून ठेवलंय, म्हणजे तो पत्रा उशिराचा आहे हे लगेच कळतं.

आणि काही पत्र्यांवर नुसत्याच रेघोट्या आहेत! लिहिता येत नव्हतं त्यांनी अक्षरांसारखं दिसेल असं काहीतरी ओढलं आणि टाकलं, देवी घेईल समजून. माझ्या कादंबरीतलं अकरावं प्रकरण ज्यांना आवडलं ते सगळं त्या रेघोट्यांवरून सुचलंय.

अलौना लोकांना शाप लिहून देते, असा धंदा खरंच होता का?

इथे मी सूट घेतलीय. सापडलेल्या पत्र्यांवरची हस्ताक्षरं जवळपास सगळी वेगवेगळी आहेत, म्हणजे लोक बहुधा आपापले लिहायचे, एकच लेखनिक बसलाय आणि रांग लागलीय असं नसावं. म्हणून अलौना मुख्यतः पत्रे ओतते, ठोकते आणि विकते, लिहून देते ती अगदी दोन-तीनदा आणि प्रत्येक वेळी तिला ते महागात पडतं.

व्हिल्बिया कोण? ती खरी होती म्हणतात.

१८८० मध्ये सापडलेला एक पत्रा आहे, त्यावर म्हटलंय की माझ्याकडून व्हिल्बियाला ज्याने पळवलं तो पाण्यासारखा पातळ होऊन जावो, आणि खाली संशयितांची यादी, त्यात बायकांचीही नावं. अक्षरं उलट्या क्रमाने लिहिलीत, बहुधा शापाला जोर यावा म्हणून. शंभर वर्षं सगळे म्हणत आले की बघा, प्रेमभंग! पण आता काही अभ्यासक म्हणतात व्हिल्बिया ही बाईच नव्हती, एखादी वस्तू असेल. मी तिला बाईच ठेवलंय, पण कादंबरीतली व्हिल्बिया स्वतःच्या पायाने गेलीय, तिला कुणी पळवलेलं नाही, आणि मागे राहिलेला माणूस पत्र्यावर ‘पळवली’ असं लिहितोय. तुम्ही ते प्रकरण परत वाचा, अलौना तो पत्रा विकताना काहीच का बोलत नाही ते बघा.

सुलिस आणि मिनर्व्हा एकच देवी की दोन? मध्येच ती वेगळं बोलते, गोंधळ उडतो.

उडायलाच पाहिजे. सुलिस ही तिथली जुनी देवी, त्या झऱ्याची. सुमारे ४६ अंश गरम पाणी, दिवसाला अकरा लाख लिटरच्या वर, माणसाने काही न करता नुसतं उकळत वर येतंय, तिथे देव न मानला तरच नवल. रोमन आले, बघितलं, म्हणाले ही तर आपली मिनर्व्हा, आणि जोडून टाकलं, सुलिस मिनर्व्हा. ही त्यांची सगळीकडची पद्धत, ताकितुस (तो इतिहासकार) याला ‘रोमन अर्थ लावणं’ म्हणतो. सीझरने तर गॉलच्या (साधारण आजचं फ्रान्स) देवांची नावंसुद्धा दिली नाहीत, सरळ लिहिलं की हे लोक मर्क्युरीला सगळ्यात जास्त भजतात. कुठला मर्क्युरी, त्यांचा देव वेगळाच, बहुतेक लुगुस.

आपल्याला हे कळायला फार लांब जायला नको. खंडोबाला मार्तंडभैरव म्हणून शंकराचा अवतार केलं, पोथ्या लिहिल्या, सगळं झालं, पण जेजुरीच्या पायऱ्यांवर आरोळी येळकोटचीच उठते. बाथलाही तसंच काहीतरी झालं असावं असं माझं मत, कारण पत्र्यांवर लोक जास्त करून नुसतं ‘देवी सुलिस’ म्हणतात, आणि जोडनावातसुद्धा सुलिस आधी येतं.

मग मी फँटसीचा खुंटा तिथेच ठोकला. माझ्या कादंबरीत देवी एक, पण आवाज दोन. मिनर्व्हा कायद्याने चालते, पत्र्यावर जे लिहिलंय ते अक्षरशः होणार, झोप नाही म्हणजे नाही. सुलिस जुनी आहे, तिला लिहिता-वाचता येत नाही, ती पाण्यात पडलेल्या हाताची उब ओळखते. अलौनाचा भाऊ दोघींच्या मध्ये सापडतो, त्याला कुठेच झोप लागत नाही, फक्त कुंडाच्या वाफेत बसला की डोळा लागतो. आणि हो, मिनर्व्हा कुमारिका, त्यामुळे प्रेमप्रकरणांचा तिला मनस्वी कंटाळा, तिचे टोमणे लिहिताना मला फार मजा आली.

देवळावरचा तो मिशीवाला चेहरा तुम्ही बनवलाय का?

नाही हो, तो खरा आहे. १७९० मध्ये सापडला, देवळाच्या दर्शनी त्रिकोणावरचा. मिनर्व्हाच्या ढालीवर गॉर्गन असते, बाई, केसात साप. पण बाथच्या कारागिराने केली ती दाढीमिशीवाली, डोळे वटारलेली, केस ज्वाळांसारखे की पाण्यासारखे हेसुद्धा ठरत नाही. कुणी म्हणतं सूर्य, कुणी म्हणतं जलदेव. मिनर्व्हाचं सोन्याचा मुलामा दिलेलं कांस्याचं डोकं त्याच्याही आधी, १७२७ मध्ये मिळालं, ते एकदम शांत, नाकीडोळी नीटस. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघा, माझी अख्खी कादंबरी त्यात आहे.

केल्टिक पुराणं म्हणता, मग मॉरिगन, कू हुलिन, र्‍हिआनन हे कुणीच कसे नाहीत?

कारण ते आयर्लंडचे नाहीतर वेल्सचे, आणि आपल्यापर्यंत आले ते फार नंतर. आयर्लंड रोमनांनी कधी जिंकलंच नाही. तिथल्या कथा ख्रिस्ती मठांमध्ये लिहिल्या गेल्या, आज हातात असलेली मोठी जुनी हस्तलिखितं इ.स. ११०० च्या आसपासची. वेल्सच्या र्‍हिआननची मोठी हस्तलिखितं चौदाव्या शतकातली. माझी गोष्ट १९५ ची. मध्ये हजार वर्षं गेली, धर्म बदलला, आणि आपण म्हणायचं ‘केल्टिक’ की झालं? मला ते पटत नाही. या प्रकारच्या कादंबऱ्यांमध्ये आयरिश देव रोमन ब्रिटनमध्ये आरामात फिरताना दिसतात, वाचायला मजा येते, मी पण वाचते, पण लिहिताना मी कुंपण घालून घेतलं होतं की देव घ्यायचा तो शिलालेखावर नाहीतर पत्र्यावर नाव सापडलेलाच.

एक सूट घेतली. आयरिश कथेत एंगुसला स्वप्नात मुलगी दिसते, तो झुरून आजारी पडतो, शेवटी सामनच्या (हिवाळ्याच्या तोंडावरचा सण) वेळी तळ्यावर दीडशे हंसांमधून तिला ओळखायचं आणि स्वतः हंस व्हायचं. ही ओळखण्याची परीक्षा मला सोडवेना. मी ती उलटवली, देवी अलौनाला वाफेत दीडशे सावल्या दाखवते आणि त्यातून भाऊ ओळखायला लावते, प्रियकर नव्हे. तेवढं माफ करा.

त्या ‘तीन रात्री’ म्हणजे हॅलोविन का?

सरळ हॅलोविन नाही. फ्रान्समध्ये कोलिनी गावाजवळ १८९७ मध्ये कांस्याच्या पंचांगाचे तुकडे सापडले, दुसऱ्या शतकातलं, गॉलची भाषा पण अक्षरं लॅटिन. त्यात सामोनिओस महिन्यात ‘सामोनिओसच्या तीन रात्री’ अशी नोंद आहे. पुढच्या आयरिश सामनशी बरेच जण ते जोडतात. मला फक्त तीन रात्री हव्या होत्या, बाकी भोपळे वगैरे काही नाही.

ड्रुइड कुठायत? मी तर ड्रुइडसाठी घेतली होती.

सॉरी. ड्रुइड म्हणजे केल्टिक लोकांचे पुजारी-पंडित. पण बघा, रोमन गव्हर्नर सुएतोनिउस पौलिनुसने मोना बेटावर (आजचं अँगलसी) हल्ला केला तो इ.स. ६० च्या सुमाराला. ताकितुसने वर्णन केलंय, किनाऱ्यावर काळे कपडे घातलेल्या बायका मशाली घेऊन धावतायत, ड्रुइड हात वर करून शाप देतायत, रोमन शिपाई आधी गारठलेच, मग पुढे सरकले आणि पवित्र राया तोडून टाकल्या. तेवढ्यात मागे बुडिका ही ब्रिटनमधली राणी रोमनांविरुद्ध उठली आणि लंडनसकट तीन गावं जाळली. माझी गोष्ट त्यानंतर १३५ वर्षांनी आहे. सीझर म्हणतो ड्रुइड व्हायला वीस-वीस वर्षं शिकायचे आणि विद्या लिहून ठेवायचे नाहीत, म्हणजे माणसं संपली की विद्या संपली. म्हणून माझ्याकडे ड्रुइड नाही, अलौनाची आजी आहे, तिला ओव्यांसारखं काहीतरी अर्धंमुर्धं पाठ आहे आणि अर्थ तिलाही माहीत नाही.

रेबुरूस लग्नाचं का टाळतो? आम्ही सगळ्या त्याच्यावर भडकलोय.

त्याला कायद्याने लग्न करता येतच नव्हतं! रोमन सैन्यात शिपायाचं लग्न मान्य नव्हतं. तळाच्या आसपास संसार असायचे, मुलं असायची, सगळ्यांना माहीत असायचं, पण कागदावर शून्य. सम्राट हेड्रियनने इ.स. ११९ मध्ये एवढं केलं की अशा मुलांना बापाच्या मालमत्तेवर निदान नातेवाईक म्हणून दावा करता येऊ लागला. रेबुरूससारख्या नागरिक नसलेल्या सहायक शिपायाला पंचवीस वर्षं नोकरी पुरी केली की नागरिकत्व मिळायचं, कांस्याच्या दोन पाट्या तारेने बांधून, सात साक्षीदारांच्या मोहोरा लावून. आधी त्याच कागदावर मुलांनाही नागरिकत्व मिळे, ते १४० च्या सुमाराला बंद केलं. म्हणजे त्याला नोकरीत असताना मूल झालं तर ते मूल नागरिक नाही, थांबला तर आहे. त्याची दोन वर्षं उरलीत. अलौनाला हे सगळं पत्रे विकता विकता आधीच माहीत आहे आणि ती विचारते की तुझी दोन वर्षं म्हणजे माझी किती? त्या सीनला मी पाच वेळा कात्री लावली, आता कुठे बरा झालाय.

रोमन म्हणजे आक्रमक. आक्रमकाशी रोमान्स दाखवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला आणि तो यायलाच हवा होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साउथ शील्ड्सला, हेड्रियनच्या भिंतीच्या (ब्रिटनच्या उत्तरेकडची रोमन सीमाभिंत) पूर्व टोकाजवळ, आर्बेया नावाचा किल्ला होता. तिथे १८७८ मध्ये एक थडग्याचा दगड सापडला, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. रेगिना नावाची बाई वेताच्या खुर्चीत बसलीय, मांडीवर चाती आणि लोकर गुंडाळलेली काठी, एका बाजूला लोकरीच्या गुंड्यांनी भरलेली टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी आणि तिने ती उघडून धरलीय. चेहरा फुटलेला आहे. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की रेगिना, मुक्त केलेली दासी आणि बायको, जातीने कातुवेल्लौनी, वय ३०, दगड उभारला पाल्मिराच्या बाराटेसने. आणि त्याखाली त्याने स्वतःच्या भाषेत, पाल्मिराच्या लिपीत, एक ओळ घातली, रेगिना, बाराटेसची मुक्त दासी, हाय हाय. सीरियाचा माणूस, दक्षिण ब्रिटनची बाई, आणि दगड थेट उत्तरेच्या टोकाला. तिथे ती शेवटची ओळ वाचू शकणारे किती असतील? त्याने स्वतःसाठीच लिहिली.

कुणालाही गलबलून येईल, मलाही आलं. पण नंतर डोक्यात किडा वळवळायला लागला की ही बाई आधी त्याची गुलाम होती. तिला विकत घेतलं, मग मुक्त केलं, मग लग्न. ती नाही म्हणू शकत होती का? दगडावर सगळं त्याचं आहे, दुःख त्याचं, भाषा त्याची, पैसा त्याचा. तिचं एक वाक्य नाही. बाथलाच दुसरा दगड आहे, सुलिसचा पुजारी गायुस काल्पुर्निउस रेसेप्तुस, वारला ७५ व्या वर्षी, आणि दगड उभारला काल्पुर्निया त्रिफोसाने, त्याची मुक्त केलेली दासी आणि बायको. इथे निदान बोलतेय ती, पण बोलतेय काय तर नाव आणि नातं, बास.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, अलौना जन्माने मोकळी असेल, मालक-दासी प्रेमकथा मी लिहिणार नाही, कितीही गोड करून सांगितली तरी. दुसरं, ती कादंबरीत त्याला तीन वेळा नाही म्हणते आणि तिन्ही वेळा त्या नाहीची काहीतरी किंमत लागते, कधी तिला, कधी त्याला. नाही म्हणायची सोय नसेल तर मग ‘हो’ला रोमान्स म्हणण्यात काय अर्थ?

आणि रेबुरूस रोमचा शिपाई आहे पण रोमचा नाही. त्याचे पूर्वज सम्राट ऑगस्टसच्या, उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियन युद्धात रोमशी लढून हरलेले. हरलेल्यांच्या नातवंडांना वर्दी देऊन पुढच्यांना जिंकायला पाठवायचं, साम्राज्यं अशीच चालतात. बाथला खरोखर एका स्पॅनिश घोडेस्वाराचा दगड आहे, तांकिनुस, वय ४६, नोकरी २६ वर्षं. म्हणजे पंचवीस पुरी होऊनही हा माणूस दलातच होता, आणि घरी गेलाच नाही.

राणी कार्टिमांडुआवर का नाही लिहिलं? तिच्यात जास्त मसाला आहे.

आहेच! ब्रिगांतेस टोळीची राणी, इ.स. ५१ मध्ये रोमनांशी लढून पळून आलेल्या कारातकुसला रोमनांच्या हवाली केलं, नंतर नवऱ्याला सोडून त्याच्याच शस्त्रवाहकाशी लग्न केलं, नवऱ्याने युद्ध पुकारलं, रोमनांनी तिला कसंबसं बाहेर काढलं. पण आपल्याला सगळं सांगतोय ताकितुस, आणि तो बाई दिसली की नाक मुरडतो. तिच्यावर कुणीतरी नीट लिहायला हवंय. मला राजेराण्या जमत नाहीत, मला पत्रे विकणारी जमते.

शेवट सॅड आहे का? (स्पॉइलर!)

दोघं जिवंत राहतात, एवढं सांगते.

ज्यांना जास्त हवंय त्यांच्यासाठी: १९६ मध्ये ब्रिटनचा गव्हर्नर क्लोदिउस आल्बिनुस स्वतःला सम्राट म्हणवत सैन्य घेऊन गॉलमध्ये उतरतो, हा खरा इतिहास. रेबुरूसचं दल त्यात जातं. १९ फेब्रुवारी १९७ ला लुग्दुनुमला, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिऑंला, सेप्तिमिउस सेव्हेरुसने आल्बिनुसचा पार चुराडा केला. लुग्दुनुम म्हणजे लुगुसचा गड, तोच सीझरचा ‘मर्क्युरी’, वाटांचा आणि प्रवाशांचा देव, आणि शेवटच्या भागात रेबुरूसला वाट दाखवतो तो हाच. आता खरी थट्टा पुढे आहे. शिपायांना बायकोसोबत राहायची मोकळीक १९७ च्या सुमाराला कोणी दिली? ह्याच सेव्हेरुसने. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढून हरला त्यानेच लग्नाची परवानगी दिली, पण ती मागायला जायचं तर आधी सांगावं लागणार की मी कुठल्या बाजूने लढलो. तो काय करतो ते वाचा.

भावाचं काय होतं?

नाही सांगणार.

किती ‘तसले’ सीन आहेत? आईला वाचायला देऊ का?

द्या. दार लागतं तिथे मीही बाहेरच थांबते. आईला बहुतेक शिसं ओतण्याची प्रकरणं लांबलेली वाटतील.

ती ‘दगड होणारी आग’ काय भानगड आहे?

सोलिनुस नावाचा लेखक, तिसऱ्या शतकातला, ब्रिटनच्या गरम झऱ्यांबद्दल लिहितो की तिथल्या मिनर्व्हाच्या देवळात आग कधी विझत नाही आणि तिची राख होत नाही, दगडी गोळे होतात. दगडी कोळसा असणार, त्या भागात तो मिळतो. माझ्या कादंबरीत ते गोळे म्हणजे देवीने ऐकून घेतलेले पण न लागू केलेले शाप. भाऊ ज्याच्या शोधात रात्रभर राख चाळतो तो हाच गोळा.

नावं कशी उच्चारायची?

लिहिलीत तशी. कुणी येणार नाहीये परीक्षा घ्यायला.

यात भारताचा काहीतरी संदर्भ आहे असं ऐकलं, ओढूनताणून आणलाय का?

दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही खरे धागे आहेत. पहिला मिरी. हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलँडाला लाकडाच्या पातळ चकत्यांवर शाईने लिहिलेली पत्रं आणि हिशेब सापडले, १९७३ पासून सापडतायत, त्यात इ.स. १०० च्या आसपासच्या एका खात्यावर शिपायाच्या नावे मिरी, दोन दिनार अशी नोंद आहे. मिरी म्हणजे मलबार, दुसरीकडून यायचीच नाही. (त्याच ढिगात क्लाउदिया सेव्हेराने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावल्याचं पत्र आहे, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या, बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन दुसरं माहीत नाही. जरूर शोधून वाचा.)

दुसरा म्हणजे रेबुरूसच्या अधिकाऱ्याकडची हस्तिदंती बाई. पॉम्पेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची भारतीय मूर्ती सापडली, म्हणजे इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने ते गाव गाडलं त्याच्या आधीच ती तिथे पोचलेली, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळालीय. उलट दिशेने बघायचं तर कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात कांस्याचा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) निघालाच की. त्यामुळे ब्रिटनमधल्या एका अधिकाऱ्याच्या फळीवर सातवाहनांच्या मुलखातली बाई ठेवणं ही माझी कल्पना, पण अगदी हवेतली नाही. तिच्यावर जास्त काही नाहीये, अर्धं पान आहे, भोकरदनवाल्यांनी नाराज होऊ नये.

बाथला जाणार आहोत, काय बघू?

लंडनच्या पॅडिंग्टनवरून ट्रेनने साधारण दीड तास. रोमन बाथ्समध्ये पत्रे, मिशीवाला चेहरा, कांस्याचं डोकं सगळं एकाच ठिकाणी आहे. पत्र्यांपाशी बहुतेक लोक दोन मिनिटांत पुढे सरकतात, तुम्ही नका सरकू. नाल्यात सापडलेले अंगठीतले छोटे कोरीव खडे आहेत ते पण शोधा, ३४ आहेत, गरम पाण्यात डिंक सुटून खडे पडले असावेत असा अंदाज आहे. पाण्यात हात घालू नका, मुख्य कुंडात उतरायला १९७८ पासून बंदी आहे, तेव्हा पाण्यातल्या अमीबामुळे एका मुलीचा जीव गेला होता. डुंबायचंच असेल तर जवळ त्याच झऱ्याच्या शुद्ध केलेल्या पाण्याचा नवा स्पा आहे. शेजारच्या पंप रूममध्ये पाणी प्यायला मिळतं, कोमट आणि चवीला खिळे उकळल्यासारखं, पण एक घोट घ्याच. रेगिनाचा दगड मात्र तिथे नाही, तो न्यूकॅसलजवळ साउथ शील्ड्सच्या संग्रहालयात आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढा.

दुसरा भाग येतोय का?

लिहितेय. यावेळी उत्तरेला, भिंतीवरच्या कॅरॉबर्गला, कोव्हेंतिना नावाच्या देवीच्या विहिरीपाशी. १८७६ मध्ये जॉन क्लेटनने ती उपसली तेव्हा तेरा हजारांच्या वर नाणी निघाली, म्हणजे काय गर्दी असेल बघा. एपोना पण आहे, घोड्यांची देवी, गॉलची असून रोमन घोडदळाने डोक्यावर घेतलेली, तिचा सण १८ डिसेंबरला. अलौना तिकडे येते का असं विचारणाऱ्यांना, हो, येते, पण एकटी येत नाही, आणि सोबत कोण ते मला तरी कुठे पक्कं ठरवता आलंय अजून.